तीन तोंडांचा राजा: व्हॅन डाइकचं चित्र, बर्निनीचा दगड

आडव्या कॅनव्हासवर इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स तीनदा आहे: एकदा पूर्ण बाजूने, एकदा थेट समोरून, एकदा तिरकस. उंची 84.4 सेंटिमीटर, रुंदी 99.4. डोकी जवळपास प्रत्यक्षाएवढी, मागे ढगाळलेलं आभाळ. मराठी माणसाला पहिल्या नजरेत दत्तगुरू आठवतील, नाहीतर घारापुरीचा सदाशिव. पण घारापुरीला एका देवाची निरनिराळी रूपं आहेत. इथे रूप एकच, आणि ते तीनदा काढण्यामागे निव्वळ कामाची गरज आहे. हे चित्र राजवाड्यात टांगण्यासाठी काढलंच नव्हतं. राजाला कधीही न पाहिलेल्या रोममधल्या एका शिल्पकाराला त्यावरून संगमरवरी अर्धपुतळा घडवायचा होता.

चित्रकार अँथनी व्हॅन डाइक, शिल्पकार जियान लोरेन्झो बर्निनी. चित्राला 1635 च्या उत्तरार्धात हात लागला, 1636 मध्ये ते रोमला गेलं, आणि जुलै 1637 मध्ये पुतळा इंग्लंडात उतरला. दरबारी व्यक्तिचित्र म्हणून या चित्रावर भरपूर बोललं जातं. कामाचं साधन म्हणून ते किती उपयोगी होतं आणि कुठे कमी पडलं, हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. उत्तर बऱ्यापैकी देता येतं, कारण असेच प्रयोग पुढच्या पंधरा वर्षांत बर्निनीवर आणखी तीन-चारदा झाले.

काम कुणाचं

पुतळा ही पोप आठवे अर्बन यांच्याकडून राणी हेन्रिएटा मारियाला भेट होती. राणी फ्रान्सच्या राजघराण्यातली, कट्टर कॅथलिक. राजा प्रोटेस्टंट चर्चचा प्रमुख. राणीच्या मार्गाने राजाला आणि पर्यायाने इंग्लंडला पुन्हा रोमकडे वळवता येईल, अशी आशा व्हॅटिकनला होती. 1634 च्या अखेरीपासून पोपचा प्रतिनिधी ग्रेगोरिओ पान्झानी लंडनमध्ये होता, आणि पोपचा पुतण्या कार्डिनल फ्रान्चेस्को बार्बेरिनी चित्रं भेट पाठवून वातावरण तापतं ठेवत होता. 1636 च्या सुरुवातीला अशी एक खेप आली, तेव्हा राजा लगबगीने राणीच्या महालात गेला. सोबत वास्तुकार इनिगो जोन्स. त्याने अंगावरचा झगा उतरवला, चष्मा लावला आणि हातात मेणबत्ती घेऊन कुठलं चित्र कुणाचं हे ओळखायला सुरुवात केली. चार्ल्सची नस रोमने अचूक ओळखली होती.

बर्निनी पोपच्या दिमतीला होता. परवानगीशिवाय बाहेरचं काम त्याला घेता येत नसे. या कामाला परवानगी सहज मिळाली. 17 मार्च 1636 रोजी चार्ल्सने स्वतः बर्निनीला पत्र लिहून कळवलं की आपलं चित्र लवकरच पाठवू, त्यावरून संगमरवरी प्रतिमा करावी. म्हणजे राजा रोमला जाणार नाही, शिल्पकार लंडनला येणार नाही, आणि मधली सगळी जबाबदारी एका कॅनव्हासवर.

बर्निनीची अडचण

हा माणूस समोर बसवून ठेवलेल्या व्यक्तीवरून काम करणारा नव्हता. 1665 मध्ये पॅरिसला चौदाव्या लुईचा अर्धपुतळा करताना त्याने राजाला टेनिस खेळताना पाहिलं, मंत्र्यांच्या बैठकीत पाहिलं, चालताबोलताना भराभर रेखाटनं केली. बोलायच्या आधी किंवा बोलून झाल्याबरोबर ओठ ज्या ठेवणीत असतात तो क्षण पकडायचा, हे त्याचं सूत्र. मग मातीत बांधणी, आणि त्यानंतर रेखाटनं बाजूला ठेवून दगड.

चार्ल्सच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. माती होती, दगड होता. हलता-बोलता माणूस नव्हता.

तीनच बाजू का

पुतळा करणाऱ्याला चेहऱ्याची तीन मापं लागतात: उंची, रुंदी आणि खोली. समोरून पाहिलेल्या चित्रात पहिली दोन मिळतात. डोळ्यांमधलं अंतर, गालाच्या हाडांची रुंदी, कानांची पातळी. खोली मिळत नाही. नाक कपाळापासून किती पुढे येतं, हनुवटी ओठांच्या मागे आहे की पुढे, डोळा खोबणीत किती आत बसला आहे, हे बाजूच्या चित्रातच दिसतं. या दोन चित्रांवरून सांगाडा उभा राहतो.

मग तिसरं कशाला? कारण समोरची आणि बाजूची रेषा बरोबर बसली तरी त्या दोहोंमधला गालाचा उतार कसाही घडवता येतो. फुगीर केला तरी दोन्ही रेषा जुळतात, बसका केला तरी जुळतात. नुसत्या समोरच्या आणि बाजूच्या फोटोंवरून केलेले पुतळे पुष्कळदा ठोकळ्यासारखे दिसतात ते यामुळेच: दोन्हीकडून पाहिलं तर ओळख पटते, मधून चालत गेलं की माणूस हरवतो. तिरकस चित्र हा उतार ठरवतं. पलीकडच्या भुवईचं हाड गालाच्या रेषेला कुठे छेदतं, नाकाची कड पलीकडच्या डोळ्याला कितपत झाकते, हे त्या एका कोनात वाचता येतं. आपल्याकडे शिवछत्रपतींचा पुतळा घडवणाऱ्याला समकालीन चित्रं बहुतेक एका बाजूची किंवा तिरकस मिळतात, समोरून जवळजवळ नाहीतच. त्याची अडचण नेमकी उलट्या टोकाची.

चार्ल्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्या काळच्या फॅशनप्रमाणे त्याचे केस डाव्या बाजूला लांब सोडलेले असत, उजवीकडे आखूड. मोत्याचा डूल फक्त डाव्या कानात. म्हणजे डोकं दोन्हीकडे सारखं नव्हतं, आणि एका बाजूचं चित्र उलटं करून दुसरी बाजू काढण्याचा सोपा मार्ग बंद होता. समोरच्या चित्रात हा फरक स्पष्ट दिसतो, आणि कळतं की व्हॅन डाइकने केसांची रेषा शोभेसाठी काढलेली नाही.

ही मांडणी त्याची स्वतःची असेलच असं नाही. इटालियन चित्रकार लोरेन्झो लोत्तोने साधारण 1530 च्या सुमारास एका सोनाराला तीन बाजूंनी एकाच कॅनव्हासवर रंगवलं होतं. ते चित्र इटलीतल्या मँटुआच्या संग्रहातून खुद्द चार्ल्सकडे आलं होतं, तेव्हा ते टिशियनचं समजलं जाई. टिशियन म्हणजे व्हॅन डाइकचं दैवत. ते त्याच्या पाहण्यातलं होतं असं धरायला हरकत नाही.

जे चित्रात नाही तेही मोजायला हवं. डोक्याची मागची बाजू नाही, टाळू नाही, कानामागचा भाग नाही. अर्धपुतळा भिंतीपाशी ठेवायचा असेल तर यातलं बरंचसं चालून जातं. चालत नाही ती मान. मानेचा मागचा उतार खांद्यात कसा उतरतो यावर माणसाची ढब ठरते, आणि इथे तीनही वेळा मान लेसच्या रुंद कॉलरखाली गेली आहे.

चित्रकाराची कार्यपद्धत

व्हॅन डाइक 1632 मध्ये लंडनला आला, त्याच वर्षी त्याला सर किताब मिळाला आणि 1633 मध्ये वर्षाला 200 पौंडांचं वेतन ठरलं. ब्लॅकफ्रायर्समध्ये नदीकाठी घर दिलं, आणि 1635 मध्ये राजाच्या नावेसाठी तिथे खास पायऱ्या बांधल्या. राजा चित्रशाळेत येऊन बसे, ही सोय या कामात फार मोलाची ठरली असणार, कारण तीन चेहरे म्हणजे तिप्पट बैठका.

त्याची पद्धत त्याच्याकडून चित्रं काढून घेतलेल्या जाबाख नावाच्या व्यापाऱ्याने सांगितली आणि ती छापून उरली आहे. बसणाऱ्याला एका वेळी एका तासाहून जास्त वेळ नाही. घड्याळाने तास दाखवला की चित्रकार उठायचा, नमस्कार करायचा, पुढची वेळ ठरवायचा. नोकर कुंचले धुऊन दुसरी पॅलेट तयार ठेवायचा, तोवर दुसरा माणूस आत. चेहरा बेतून झाला की राखाडी कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने अंगाची ठेवण आणि कपडे पाव तासात काढायचे. तो कागद मदतनिसांकडे, आणि मागून कपडेही मागवून घ्यायचे. मदतनीस ते रंगवत, वर व्हॅन डाइकचा हात फिरे. हातांसाठी पगारी स्त्री-पुरुष ठेवलेले असत.

हे लक्षात घेतलं की तीन राजांच्या चित्रात कुठे पाहावं हे कळतं. विश्वास चेहऱ्यावर ठेवायचा. त्याचे हात आणि कपडे हा बहुतेकदा चित्रशाळेचा माल असतो.

साहित्याबद्दल तो काटेकोर होता. राजवैद्य थिओडोर द मायर्न चित्रकारांना प्रश्न विचारून टिपणं ठेवायचा. 1632 च्या डिसेंबरअखेरचं व्हॅन डाइकचं बोलणं त्यात आहे. तेल ही चित्रकाराने सर्वांत आधी पारखायची गोष्ट, आणि तेलांत जवसाचं उत्तम. माशाच्या सरसाचं अस्तर दिलेल्या कॅनव्हासवर त्याने काम करून पाहिलं, तर सरसामुळे रंगाला तडे गेले आणि थोड्याच दिवसांत तो सुटून आला. कारण साधं आहे: सरस हवेतली ओल घेतो, फुगतो, सुकला की आकसतो, वरचा तेलरंग एकदा वाळल्यावर ही हालचाल झेलू शकत नाही. लंडनहून रोमला, थंड दमट हवेतून उष्ण कोरड्या हवेत जाणाऱ्या चित्राला असलं अस्तर चाललं नसतं.

कामाचा नकाशा की चित्र?

नुसतं शिल्पकारासाठीच काढायचं, तर राखाडी पार्श्वभूमीवर तीन डोकी पुरेशी होती. व्हॅन डाइकला ते जमलं नाही, किंवा त्याने जमवून घेतलं नाही. तिन्ही राजांच्या अंगावर वेगवेगळ्या रंगांचा पोशाख, प्रत्येकाच्या कॉलरची लेस वेगळ्या नक्षीची. समान एकच: गार्टर या इंग्लंडच्या सरदारी सन्मानाची निळी फीत. शिवाय हात. संगमरवरी अर्धपुतळ्याला यातल्या रंगांचा उपयोग शून्य, आणि हात तर पुतळ्यात येणारच नव्हते.

तरी या उधळपट्टीत थोडा हिशेब आहे. तीन धडं एकमेकांना खेटून आहेत. तिन्हींचे कपडे एकाच रंगाचे असते तर कुठला खांदा कुणाचा हे कळायला वेळ लागला असता. रंग बदलल्यामुळे कडा सुट्या राहतात. चेहऱ्यांवरचा उजेड मऊ आहे, दाट काळी सावली कुठेच नाही. तेही शिल्पकाराच्या सोयीचं, कारण गडद सावलीत गेलेला आकार त्याला अंदाजाने भरावा लागतो. लेसच्या तीन नक्ष्यांना मात्र असं काही कारण सापडत नाही. तिथे चित्रकार रोममधल्या प्रतिस्पर्ध्याला आपला हात दाखवतोय, असंच आम्ही समजतो.

खरा धोका वेगळा होता: व्हॅन डाइक माणसाला बरं करून दाखवायचा. हेन्रिएटा मारियाच्या भाचीचं, राजकन्या सोफीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. चित्रांवरून मामीला सुंदरी समजून बसलेल्या या मुलीने हॉलंडमध्ये तिला प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा लांब कोरडे हात, वरखाली खांदे आणि किल्ल्याच्या तोफांसारखे बाहेर आलेले दात, असं वर्णन करून ठेवलं. चार्ल्सही ठेंगणा होता; घोड्यावरच्या चित्रांत दृष्टीची पातळी खाली धरून त्याला उंच केलेलं दिसतं. या चित्रात उंचीची लबाडी करायला जागा नाही, आणि तीन बाजू एकमेकींना तपासत असल्यामुळे नाक-हनुवटीत फार फेरफारही करता येत नाही. समोरच्या चित्रात नाक नाजूक केलं की बाजूचं चित्र चहाडी करतं. व्हॅन डाइकच्या राजचित्रांत म्हणूनच हे आम्हाला सर्वांत भरवशाचं वाटतं: डोळ्यांखालची जड पापणी, लांबट नाक, थकलेली नजर.

रोममध्ये

चित्रातून दगडात जाताना सर्वांत मोठं नुकसान रंगाचं. 1638 च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज राजाच्या गवंडीप्रमुखाचा मुलगा, धाकटा निकोलस स्टोन, बर्निनीला भेटला आणि त्याने संभाषण वहीत लिहून ठेवलं. दगडात हुबेहूब माणूस उतरवणं जवळजवळ अशक्य, असं बर्निनी म्हणाला. एखाद्याने सगळा चेहरा पांढरा केला तर त्याला कुणीही ओळखणार नाही. घाबरलेल्या माणसाचा नुसता रंग उडतो, तरी तो वेगळाच दिसतो. मग जिथे सगळंच पांढरं आहे तिथे काय?

यावर त्याचा उपाय असा: रंगाचं काम सावलीकडून करून घ्यायचं. डोळ्याभोवती काळपट वर्तुळ असेल तर तिथे संगमरवर प्रत्यक्षाहून खोल खोदायचा, म्हणजे पडलेली सावली काळपटपणा दाखवते. हुबेहूब दिसण्यासाठी माप मुद्दाम चुकवायचं. पण किती चुकवायचं हे समोर माणूस असेल तर ताडून पाहता येतं; चित्रावरून काम करताना चित्रकाराने दाखवलेली सावली आकाराची आहे की कातडीच्या रंगाची, हेच कळत नाही. एकच राखाडी-तपकिरी छटा दोन्हींसाठी वापरलेली असते. तीन बाजू असल्या की काही प्रमाणात सुटका होते: छटा तिन्ही चेहऱ्यांवर त्याच जागी असेल तर ती रंगाची, कोनाबरोबर सरकत असेल तर आकाराची.

दगडाची स्वतःचीही जोखीम असते. कार्डिनल शिपिओने बोर्गेझेच्या पुतळ्यात काम संपत आल्यावर कपाळावर शीर उघडी पडली आणि बर्निनीने दुसऱ्या दगडातून तोच पुतळा पुन्हा घडवला. दोन्ही आजही रोममध्ये आहेत. चार्ल्सच्या पुतळ्यावर असं संकट आल्याची नोंद नाही. तो 1637 च्या वसंतात रोमहून निघाला आणि 17 जुलैला ओटलँड्स राजवाड्यात राजा-राणीपुढे आला. कारागिरीची तारीफ झालीच, पण मोठं कौतुक साम्याचं झालं. राणीने बर्निनीला हिऱ्याची अंगठी पाठवली.

हे यश ज्या राजकारणासाठी होतं ते मात्र फसलं. इंग्लंड रोमकडे वळला नाहीच, उलट पोपकडून येणारी प्रत्येक भेट राजाच्या विरोधकांच्या संशयात भर घालत गेली. चेहरा पाहून बर्निनीला राजाचं दुर्दैव कळलं होतं, किंवा पुतळ्यावर शिकारी पक्ष्याच्या चोचीतून रक्ताचा थेंब पडला, या गोष्टी 30 जानेवारी 1649 रोजी राजाचं मुंडकं उडवल्यानंतरच्या तोंडी शोभतात. त्यांवरून चित्र वाचू नये.

पुन्हा तेच करायला गेले तेव्हा

राजामागोमाग थॉमस बेकर नावाच्या श्रीमंत इंग्रजालाही बर्निनीकडून स्वतःचा पुतळा हवासा वाटला. बर्निनीने सुरुवात केली. पोपला कळलं तेव्हा राजाशिवाय कुणाचा पुतळा इंग्लंडला जाणं त्यांना रुचलं नाही आणि काम थांबवायला सांगितलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या त्या पुतळ्यात डोकं बर्निनीचं, कपडे मदतनिसाचे दिसतात.

राणीलाही स्वतःचा अर्धपुतळा हवा होता. या वेळी व्हॅन डाइकने पद्धत बदलली: एका कॅनव्हासऐवजी वेगवेगळी चित्रं, एक समोरून आणि दोन्ही बाजूंनी एकेक. बदल शहाणपणाचा होता. शिल्पकाराला ती मातीच्या नमुन्याभोवती आपापल्या दिशेला उभी करता येतात. व्हॅन डाइकने राजाला दिलेल्या बिलात बर्निनीसाठीच्या राणीच्या चित्रांना प्रत्येकी 20 पौंड लावले आहेत. ते कापून 15 केले गेले. ती रोमला पोचलीच नाहीत. स्कॉटलंडशी युद्ध, मग यादवी. पुतळा झाला नाही.

फ्रान्सचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याचा पुतळा बर्निनीने चित्रांवरूनच केला, आणि पॅरिसमध्ये साम्य नसल्याची तक्रार झाली. फिलिप द शांपेनने रिशल्यूसाठी काढलेलं तीन डोक्यांचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात दोन्ही बाजू आणि मधे चेहरा, आणि एका डोक्यावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं: या दोन बाजूंपैकी ही जास्त चांगली. चित्राच्या भाषेत जे सांगता आलं नाही ते चक्क शब्दांत लिहावं लागलं, इतकी या व्यवहाराची मर्यादा. 1650-51 मध्ये मोडेनाच्या ड्यूक फ्रान्चेस्को द एस्तेचा पुतळा पुन्हा चित्रांवरून झाला. बर्निनीने 3000 स्कुदी (तिथली चांदीची नाणी) घेतले आणि असं काम किती अवघड याबद्दल कुरकुर केली. तो मोडेनात शाबूत आहे. तिथे चेहऱ्यापेक्षा उडणारं वस्त्र आणि केसांचे लोट अधिक बोलतात. चेहऱ्याची माहिती कमी पडली की बर्निनी भोवतालातून माणूस उभा करायचा. चार्ल्सच्या पुतळ्यातही त्याने हेच केलं असणार.

असणार म्हणायचं, कारण तो पुतळा उरलेला नाही. राजाच्या वधानंतर त्याच्या संग्रहाबरोबर तो विकला गेला, 1660 मध्ये राजेशाही परतल्यावर पुन्हा मिळाला, आणि जानेवारी 1698 मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या आगीत गेला. कोळशाच्या शेगडीवर कपडे वाळत घातले होते, तिथून ती आग लागली. होल्बाइनने त्याच राजवाड्याच्या भिंतीवर रंगवलेला आठवा हेन्रीही त्याच आगीत जळाला. व्हॅन डाइकचं चित्र तेव्हा रोममध्ये होतं. काम झाल्यावर ते परत पाठवलं गेलंच नव्हतं. बर्निनीच्या वंशजांकडे ते 19 व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राहिलं. 1822 मध्ये चौथ्या जॉर्जने ते 1000 गिनींना विकत घेतलं, आणि आज ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.